विमानाची बोली आणि कामगाराचा मुलगा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमचे नाव जाहीर केले तेव्हा पुष्कळांना वाटले असेल, की आता तासभर महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत ऐकावी लागणार. आज तसे काही होणार नाही. विमान चालविणाऱ्या माणसाला कोणती भाषा किती यावी लागते, आणि रेडिओवर तोंड उघडण्यासाठी त्याला वेगळा परवाना का काढावा लागतो, या विषयावर आम्ही बोलणार आहोत. आम्ही काही वैमानिक नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचे जे काही शिकलो ते सातपूरच्या कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा एखाद्या कामगाराने दुसऱ्याचे यंत्र न्याहाळून पाहावे, तसे हे न्याहाळणे आहे असे समजावे.

या विषयात आम्ही पडलो त्याला कारण घडले. तीन वर्षांपूर्वी अंबडच्या एका कारखान्यातील आमचे एक सभासद, टर्नरचे काम करणारे, आपल्या मुलास घेऊन कचेरीत आले. मुलाच्या हातात खाजगी वैमानिकाच्या परवान्याची कागदपत्रे होती. आम्ही कागद पाहिले आणि थोडे हसलोच. खाजगी वैमानिक म्हणजे शेठजींचा रविवारचा छंद, अशी आमची समजूत. मुलाने ती दूर केली. सतरा वर्षे पूर्ण झालेला, दहावी पास आणि वैद्यकीय तपासणीत उतरलेला कोणीही हा परवाना मागू शकतो. चाळीस तासांचे उड्डाण करावे लागते, परीक्षा द्याव्या लागतात. पुढे धंदेवाईक वैमानिक व्हावयाचे, तर दोनशे तास लागतात, आणि ही त्या जिन्याची पहिली पायरी होऊ शकते. वैमानिक शिकविणाऱ्या संस्था धुळ्याला आहेत, शिरपूरला आहेत, बारामतीला, गोंदियाला आहेत. नाशिकच्या मुलाने त्यासाठी परदेशी जावयास नको.

वडिलांचा प्रश्न पैशाचा होता. भविष्यनिर्वाह निधीतून किती काढता येईल हे विचारण्यास ते आले होते. मुलाची चिंता निराळीच होती. तो मराठी शाळेत शिकलेला. म्हणाला, "काका, विमान मी चालवीन. पण रेडिओवर साहेब इंग्रजीत विचारील, तेव्हा काय करू?"

ओझरची विमाने डोक्यावरून जाताना आपण नाशिककरांनी साठ वर्षे पाहिली. १९६४ साली मिग विमानांसाठी तेथे कारखाना निघाला, आणि हजारो घरांची चूल त्यावर पेटली. त्या मिगची मूळ कागदपत्रे रशियन भाषेतली. पत्रा ठोकणाऱ्या आपल्या माणसांना परकी भाषा नवी नव्हती. तथापि कागदावरची भाषा दहा वेळा वाचता येते, शब्दकोशात पाहता येते. रेडिओवरची भाषा एकदाच कानावर पडते आणि निघून जाते.

पूर्वी ही अडचणच नव्हती. जे.आर.डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी आपल्या देशातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्या लहानशा पस मॉथ विमानात रेडिओच नव्हता. वैमानिक वर गेला, की त्याचा आणि जमिनीचा संबंध डोळ्यांपुरता. पुढे विमाने वाढली, ढगांतून आणि रात्रीची उडू लागली, तेव्हा वरच्याला खालच्याशी बोलणे भाग पडले. बोलणे आले तेथे भाषा आली, आणि भाषा आली तेथे सरकारही आले.

सरकार कसे आले तेही पाहण्यासारखे आहे. तारेवर सरकारची मक्तेदारी बसविणारा कायदा १८८५ चा, बिनतारी यंत्राविषयीचा १९३३ चा. दोन्ही इंग्रजी अमदानीतले. आमच्या लहानपणी घरातला साधा ऐकण्याचा रेडिओसुद्धा परवान्याचा असे. वडील पोस्टात जाऊन पैसे भरीत आणि पुस्तकात तिकिटे चिकटवून आणीत. ऐंशीच्या दशकात ते प्रकरण संपले. परंतु बोलणाऱ्या रेडिओला परवाना राहिला, आणि तो राहिला पाहिजे. कारण एकाच लहरीवर दहाजण कान लावून बसलेले असतात, आणि एकाने बटन दाबून धरले की बाकी नऊ मुके होतात. त्यामुळे आपल्याकडे वर्षानुवर्षे असे चालले, की विमान चालविण्याचा परवाना विमान खात्याचा, आणि विमानातून बोलण्याची परीक्षा दळणवळण खात्याची. म्हणजे हात एका खात्याचे, जीभ दुसऱ्या खात्याची. १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आणि १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. त्याने ही रेडिओची परीक्षाही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे सोपविली. उशिरा झाले, पण बरे झाले.

आता भाषेकडे वळू. साऱ्या जगाची मिळून नागरी विमान वाहतुकीची एक संघटना आहे. १९४४ च्या शिकागो करारातून ती निघाली. तिने भाषेच्या सहा पायऱ्या ठरविल्या आहेत. परदेशी जाणाऱ्या वैमानिकाला आणि त्याच्याशी बोलणाऱ्या नियंत्रकाला निदान चौथी पायरी यावी लागते. चौथीवाल्याची परीक्षा दर तीन वर्षांनी, पाचवीवाल्याची सहा वर्षांनी. सहाव्या पायरीवर पोचलेल्याला पुन्हा विचारीत नाहीत. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि परस्पर संवाद अशी सहा अंगे तपासतात. ज्या अंगात सर्वांत कमी गुण, तीच तुमची पायरी. हे आम्हांला फार आवडले. एरवी गोड उच्चाराच्या जोरावर पुष्कळ कच्चा माल खपून जातो.

आम्ही मुलाबरोबर ती चौथी पायरी नीट समजून घेतली. तीत साहेबासारखे बोला असे कोठेही नाही. मातृभाषेची छटा उच्चारात आली तरी चालते, मात्र तिने समजण्यात फार वेळा आड येऊ नये. चूक झाली तरी चालते, अर्थ बदलू नये. एखादा शब्द आठवला नाही, तर दुसऱ्या शब्दांनी सांगता आले पाहिजे. म्हणजे हे इंग्रजीचे प्रोफेसर होणे नव्हे. ही धंद्याची बोली आहे, जशी गवंड्याची असते किंवा मार्केट यार्डात रुमालाखाली बोटांनी भाव ठरविणाऱ्यांची असे. तिचे अंकसुद्धा निराळे. तिनाला 'ट्री' म्हणावयाचे, पाचाला 'फाइफ', नवाला 'नाइनर', कारण खरखरीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' एकमेकांत मिसळतात. अक्षरे 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' अशी. ती यादी १९५६ पासून जगभर चालू आहे. संकटाची हाक 'मेडे' ही तर मुळात फ्रेंच. 'माझ्या मदतीला या' या अर्थाच्या शब्दांवरून ती केली. तेव्हा इंग्रजांनाही ही बोली शिकावीच लागते, निदान लागली पाहिजे.

या बोलीत 'रॉजर' असा एक शब्द आहे. सिनेमांतून तो आपल्या पोरांच्याही तोंडी बसला आहे आणि त्याचा अर्थ 'ठीक आहे, करतो' असा ते समजतात. तसा तो नाही. 'तुमचे बोलणे मला पोचले' एवढाच त्याचा अर्थ. 'समजले आणि त्याप्रमाणे करतो' यासाठी 'विल्को' हा वेगळा शब्द. आणि धावपट्टी, उंची, दिशा असली महत्त्वाची गोष्ट असेल, तर या दोहोंनीही भागत नाही. जे सांगितले ते वैमानिकाने जसेच्या तसे उलट म्हणून दाखवावे लागते. खालच्याने ते ऐकावे, चुकले असेल तर तेथल्या तेथे दुरुस्त करावे, असा नियम आहे.

हे वाचले तेव्हा आम्हांला एक जुनी चौकशी आठवली. कारखान्याचे नाव घेत नाही. पॉवर प्रेसवर सुरगाण्याकडचा एक मुलगा नवा लागला होता. घरी डांगी बोली, मराठीही बेताचीच. फोरमनने त्याला अर्ध्या इंग्रजीत अर्ध्या हिंदीत काही सांगितले. मुलगा "जी साहेब" म्हणाला. दहा मिनिटांनी उजव्या हाताची दोन बोटे गेली. खातेनिहाय चौकशी झाली. फोरमन म्हणाला, "मी सांगितले होते, तो हो म्हणाला." आम्ही मुलाला विचारले, "तू हो का म्हणालास?" तो म्हणाला, "नाही समजलं म्हणालो असतो, तर घरी पाठवलं असतं." फोरमन खोटे बोलत नव्हता. मुलगाही खोटे बोलत नव्हता. त्या 'जी' चा अर्थ 'रॉजर' होता, आणि फोरमनने तो 'विल्को' असा घेतला. त्यानंतर त्या खात्यात आम्ही एवढे पदरात पाडून घेतले, की नव्या माणसाने सूचना आपल्या बोलीत उलट सांगावी आणि मगच यंत्राला हात लावावा. व्यवस्थापनाला तो वेळेचा अपव्यय वाटला. विमानवाल्यांनी त्याचाच नियम केला होता, आणि तो करण्यास त्यांनाही फार मोठी किंमत पडली होती.

ती किंमत पाहा. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे गेली. डच विमानाच्या सहवैमानिकाने इंग्रजीत सांगितले, त्याचा शब्दशः अर्थ 'आम्ही आता उड्डाणापाशी आहोत' असा. त्याच्या मनात होते, आम्ही निघालो. मनोऱ्यातल्या स्पॅनिश माणसाला वाटले, निघण्यास तयार होऊन उभे आहेत. तो प्रथम 'ओके' म्हणाला. पुढे 'थांबा' म्हणाला तेवढ्यात दुसऱ्या विमानाने 'आम्ही अजून पट्टीवरच आहोत' असे सांगितले, आणि दोन आवाज एकमेकांत अडकून डच वैमानिकांच्या कानांत नुसती शिट्टी वाजली. या माणसांना इंग्रजी येत नव्हते असे कोण म्हणेल? कच्ची भाषा नव्हे, तर सैल भाषा नडली. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावयाचा, एरवी नाही, असा दंडक झाला.

या अपघातातली एक गोष्ट कामगार चळवळीतल्या माणसाला विसरता येत नाही. त्या डच विमानातील इंजिनियरने शंका काढली होती, की ते दुसरे विमान पट्टीवरून गेले नाही काय? कॅप्टन ठासून म्हणाला, गेले. कॅप्टन कंपनीतला फार ज्येष्ठ माणूस, इतरांना शिकविणारा. इंजिनियर पुढे बोलला नाही. ती शंका त्यांच्या आपसातल्या बोलण्यातली, परक्या भाषेची अडचण तेथे नव्हतीच. भाषेची कितवी पायरी लावणार त्या गप्प बसण्याला?

२५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचे एक विमान इंधन संपून कोसळले. १५८ पैकी ७३ गेले. कॅप्टन स्पॅनिशमध्ये सहवैमानिकाला सांगत होता, की आणीबाणी आहे म्हणून सांग. सहवैमानिक इंग्रजीत म्हणाला, इंधन संपत आले आहे. 'आणीबाणी' हा ठरलेला शब्द त्याने उच्चारला नाही, म्हणून खालच्यांनीही त्याला आणीबाणीचा मान दिला नाही. बोलीभाषेत दोन्हींचा अर्थ एकच, धंद्याच्या भाषेत जमीन-अस्मानाचे अंतर.

आणि आपल्या देशातले चरखी दादरी. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून निघालेले सौदी विमान १४,००० फुटांपर्यंत चढत होते, आणि दिल्लीकडे येणाऱ्या कझाक विमानास १५,००० फुटांवर थांबण्याची आज्ञा होती. ते थांबले नाही, खाली आले. हरियाणाच्या शेतांत ३४९ माणसांचे अवशेष विखुरले. कझाक विमानात इंग्रजी बोलण्याचे काम रेडिओवाल्याकडे होते, आणि ज्याच्या हाती सुकाणू त्याचे इंग्रजी जेमतेम. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीने दोष कझाक विमानाच्या खाली येण्यावर ठेवला, आणि त्या मंडळींच्या कच्च्या इंग्रजीचीही नोंद घेतली. तेथून पुढे जागतिक संघटनेत भाषेचा प्रश्न जोराने निघाला. १९९८ साली ठराव झाला, २००३ साली नियम मंजूर झाले, ते २००८ च्या मार्चपासून लागू व्हावयाचे होते. पुष्कळ देशांची तयारी झाली नाही म्हणून २०११ पर्यंत सवलत दिली गेली. आमच्या टर्नरच्या मुलापुढे जी परीक्षा उभी राहिली तिचे मूळ असे चरखी दादरीच्या शेतांत आहे. ती कोणी साहेबाच्या डौलासाठी काढलेली नाही, हे आम्ही त्याला प्रथम समजावून सांगितले.

आता एक आमच्या बाजूची लाजिरवाणी गोष्ट सांगितली पाहिजे. कॅनडात क्वेबेक प्रांत फ्रेंच बोलणाऱ्यांचा. तेथल्या वैमानिकांनी व नियंत्रकांनी मागणी केली, की फ्रेंच वैमानिकाला फ्रेंच मनोऱ्याशी फ्रेंचमध्ये बोलू द्या. त्याविरुद्ध १९७६ च्या जूनमध्ये संप झाला. तो मालकांनी केला नव्हता. इंग्रजी बोलणाऱ्या वैमानिकांच्या आणि नियंत्रकांच्या संघटनांनी केला, म्हणजे आमच्याच भावंडांनी. घोषणा सुरक्षिततेची होती. देशभरची विमाने बंद पडली, सरकार वाकले. पुढे तीन न्यायाधीशांचा आयोग बसला, आणि १९७९ साली त्याने निकाल दिला, की क्वेबेकच्या आकाशात दोन्ही भाषा चालविण्याने सुरक्षितता धोक्यात येत नाही. आम्ही आयुष्यभर गेटवर उभे राहून सुरक्षिततेच्या नावाने मागण्या केल्या आहेत, आणि त्या खऱ्या होत्या. म्हणूनच हे नाव आपल्या भावाचे तोंड बंद करण्यासाठी वापरले गेलेले पाहून वाईट वाटते.

मग कोणी विचारील, की आपणही मराठीची मागणी का करीत नाही? जर्मनीत हौशी वैमानिकाला केवळ जर्मन भाषेतला रेडिओ परवाना मिळतो; इंग्रजीसाठी निराळा आहे, तो ज्याला हवा त्याने घ्यावा. फ्रान्समध्ये कित्येक लहान विमानतळांवर फक्त फ्रेंचच चालते. मग धुळ्याच्या पट्टीवर घिरट्या घालणाऱ्या पोराने मनोऱ्याशी अहिराणीत का बोलू नये?

आमचे उत्तर सर्वांना आवडणार नाही. ही मागणी आम्ही करणार नाही. २५ मे २००० रोजी पॅरिसच्या मोठ्या विमानतळावर एका फ्रेंच विमानाला फ्रेंचमध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली, आणि एका लहान ब्रिटिश मालवाहू विमानाला इंग्रजीत पट्टीवर येण्याची. ब्रिटिश वैमानिकांना फ्रेंच परवानगी समजली नाही, म्हणून आपल्या अंगावर विमान येत आहे हे त्यांना कळले नाही. त्यांतला एक ठार झाला. रेडिओवर माणूस केवळ स्वतःशी झालेले बोलणे ऐकत नाही, शेजाऱ्याचेही ऐकतो, आणि त्यावरून आकाशाचे चित्र मनाशी मांडतो. आपल्या देशात तर दर दोनशे मैलांवर भाषा बदलते. ओझरवर उतरणाऱ्या तमिळ वैमानिकाला धुळ्याच्या पोराचे बोलणे कळलेच पाहिजे. क्वेबेकच्या आयोगाने सगळा विचार दोन भाषांचा केला. येथे वीस आहेत.

परंतु सर्वांसाठी एक बोली मान्य केली, म्हणजे तिचे ओझे एकाच बाजूने वाहावे असे होत नाही. ज्याला इंग्रजी आईच्या दुधाबरोबर मिळाले तो भरभर बोलतो, ठरलेले शब्द सोडून घरगुती वाक्ये वापरतो, आणि समोरच्याला कळले नाही तर समोरचा कच्चा ठरतो. टेनेरीफची 'ओके' तशीच सैल होती. परीक्षा घ्यावयाची तर फर्ड्या माणसाचीही घ्या. त्याला सावकाश आणि ठरलेलेच बोलता येते की नाही ते पाहा. आणि दुसरे असे, की बोली इंग्रजी असली म्हणून शिकवणीही इंग्रजीतच हवी, हे कोणी ठरविले? वारा कसा वाहतो, उंची कशी मोजतात, 'रॉजर' आणि 'विल्को' यांत फरक का, हे मराठीतून समजलेला मुलगा ती चार इंग्रजी वाक्ये जन्मात विसरणार नाही. न समजता पाठ केलेला मात्र पहिल्या खरखरीत गडबडेल.

हे नुसते बोलून चालणार नव्हते, म्हणून आम्ही युनियनच्या कचेरीत दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या. एकात मुलगा, दुसऱ्यात आम्ही. तोंडे दिसू द्यावयाची नाहीत, कारण रेडिओवर तोंड दिसत नाही आणि माणूस निम्मे तोंडावरून समजतो. विमानाचे नाव 'व्हिक्टर टँगो' ने सुरू होणारे. आपल्या देशाच्या सर्व नागरी विमानांवर व्ही.टी. ही अक्षरे असतात, मुंबईच्या जुन्या स्टेशनाचा त्यात संबंध नाही. आमचे उच्चार ऐकून पहिल्या दिवशी कचेरीतला चहावालासुद्धा हसला. पंखा मुद्दाम खडखडता ठेवीत असू. आम्ही मधूनच चुकीची उंची सांगावी, त्याने ती पकडावी. पकडली नाही, तर पाच रुपये दंड चहाच्या डब्यात.

पहिल्या खेपेस तो नापास झाला. त्यात दोष परीक्षकांचा नव्हता. विचारलेले एक वाक्य त्याला ऐकू आले नाही, आणि तो 'रॉजर' म्हणाला. घरी आल्यावर त्याने स्वतःच सांगितले, "काका, मी जी साहेब म्हणालो." त्यानंतर चार महिने आम्ही दुसरे काही केले नाही. 'से अगेन', म्हणजे 'पुन्हा सांगा', हे दोनच शब्द त्याच्याकडून म्हणवून घेतले; उठता म्हणवले, बसता म्हणवले, वडिलांसमोर म्हणवले, ज्यांच्यापुढे त्याची मान वर होत नसे अशा एका मोठ्या कारखान्याच्या मॅनेजरसमोरही म्हणवले. मॅनेजर भला माणूस, त्याने तीन वेळा सांगितले. दुसऱ्या खेपेस मुलगा उत्तीर्ण झाला. परीक्षेत त्याने दोनदा 'से अगेन' म्हटले, असे तो सांगतो.

त्याचे चाळीसपैकी तेवीस तास झाले आहेत. उरलेल्या तासांचे पैसे उभे करण्याचे काम चालू आहे. दर रविवारी संध्याकाळी खुर्च्या अजून मांडल्या जातात. सध्या सात मुले आणि दोन मुली येतात, आणि शिकविण्याच्या खुर्चीत आता तो टर्नरचा मुलगा बसतो. आम्ही पंखा सांभाळतो.